पार्श्वभूमी : एमआरआय नॉर्मल, मग आजार कुठं?

अमळनेरकडचे एक काका मांडीवर एमआरआयची पिशवी घेऊन समोर बसले होते. मुलाला सात वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा मानसिक आजार. रिपोर्टमध्ये एकच शब्द : नॉर्मल. "ताई, फोटोमा काहीच नही शे, मंग पोऱ्या आसं काब्र करस?" भगताचे उतारे करून झाले होते, आता मशीननेही हात वर केले.

काकांचा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे. १८९३ मध्ये एमिल क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरांनी या आजाराला 'अकाली बुद्धिनाश' अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. माणूस उतरणीलाच लागणार, हे नावातच ठरवून टाकलं! त्यांचेच सहकारी अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या एका बाईच्या मेंदूतल्या खुणा दाखवल्या. या आजारात मात्र तशी ठळक खूण सापडेना. पुढं काही काळ खापर चक्क आईच्या वागण्यावर फुटलं.

१९७६ मध्ये इंग्लंडमध्ये ईव्ह जॉनस्टन आणि टिम क्रो यांनी १७ जुनाट रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा मोठ्या निघाल्या. नंतर एमआरआयने मेंदूतल्या करड्या भागाची, म्हणजे पेशी दाट असलेल्या भागाची, झीजही दाखवली. पण एकूण मेंदूचा फरक सरासरी दोन-तीन टक्क्यांचा. शेकडो जणांची मापं एकत्र केली की तो दिसतो, एकट्या पोराच्या फिल्मवर नाही. एमआरआय काढतात तो गाठ किंवा असं दुसरं काही नाही ना, हे पाहायला.

बराचसा फरक पहिल्या झटक्यालाच असतो, म्हणजे सुरुवात त्याआधीची. केळीची जादा पिलं कापतात, तसं किशोरवयात मेंदू पेशींमधले जादा जोड छाटतो. ही छाटणी बिघडत असावी, असं अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्ये मांडलं. २०१६ मध्ये या छाटणीत भाग घेणाऱ्या सी४ नावाच्या जनुकावरच्या संशोधनाने त्याला बळ दिलं.

आणि गोळ्या? "गोळ्यांनी मेंदू सुकतो" हे इकडं सर्रास ऐकू येतं, आणि ते अगदीच हवेतलं नाही. अमेरिकेतल्या आयोवात नॅन्सी अँड्रियासन यांच्या गटाने २११ रुग्णांचे सरासरी सात वर्षं एमआरआय काढले. जास्त औषध, तेवढी थोडी जास्त घट, असा संबंध २०११ मध्ये दिसला. दोनच वर्षांनी त्याच गटाला आजार उलटून जितका काळ टिकतो, तितकी झीज जास्त, हेही आढळलं. त्यामुळं आखाजीला गोळ्या बंद करून पोळ्याला रुग्ण पुन्हा ओपीडीत आला, तर मेंदू वाचला असं म्हणता येत नाही. डोस कमी करायचा तो डॉक्टरांशी बोलून, हळूहळू.

क्रेपेलिन यांची उतरणही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये इस्पितळात वर्षानुवर्षं खितपत पडलेले रुग्ण सुमारे ३२ वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जण सुधारले होते किंवा बरे झाले होते. १९८७ मध्ये हे छापून आलं. काकांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पिशवी बाकाखाली सरकवली आणि विचारलं, "मंग त्याले वावरमा नेऊ का?"