कीव येते, रागही येतो: किशोरवयीन आईबापांचे शो बघताना मन काय करतं

अमेरिकेत एमटीव्ही वाहिनीवर 11 जून 2009 रोजी 'सिक्स्टीन अँड प्रेग्नंट' हा कार्यक्रम सुरू झाला. सोळा-सतरा वर्षांची गरोदर मुलगी, तिचे शेवटचे महिने, बाळंतपण आणि बाळ घरी आल्यानंतरचे सुरुवातीचे दिवस, असा एका मुलीचा एक भाग. त्यातल्याच काही मुलींना घेऊन त्याच वर्षी डिसेंबरात 'टीन मॉम' निघाला आणि निरनिराळ्या रूपांत कितीतरी वर्षं चालला. आता त्याचे तुकडे मोबाइलवर जगभर फिरतात, सोलापुरातही.

सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांची वसाहत आहे, विडी घरकुल. तिथली एखादी दुपार डोळ्यांसमोर आणा. दोघी दारात बसल्या आहेत. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, तंबाखू, कात्री, दोरा. मोबाइल भिंतीला टेकवलेला. हात थांबत नाहीत. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. पडद्यावर एक मुलगी मध्यरात्री रडणारं बाळ घेऊन एकटी बसलेली. बाळाचा बाप मित्रांबरोबर बाहेर. "किती लहान हाय की वो पोरगी," एक म्हणते. "आधी कळत नव्हतं का तिला? आईबाप काय करत होते, अक्का?" दुसरी विचारते. थोड्या वेळानं पहिली म्हणते, "चार लोकांत हे दाखवायला लाज कशी वाटत नाही!" आणि तोवर दुसरीनं पदरानं डोळे पुसलेले असतात. क्लिप संपते, आणि दोघींनाही पुढची बघायची असते.

हा दुटप्पीपणा नाही. मनाची रचनाच अशी आहे, आणि मानसशास्त्रज्ञांनी तिचा चांगला अभ्यास केला आहे. भावना तराजूसारखी असते, सुखाचं पारडं वर गेलं की दुःखाचं खाली येणारच, असं मानणारा एक जुना मतप्रवाह आहे. जॉन कासिओप्पो आणि गॅरी बर्न्टसन यांनी 1990च्या दशकात वेगळी मांडणी केली: ओढ आणि तिटकारा यांची मोजणी मनात स्वतंत्रपणे चालते, म्हणून दोन्ही एकाच वेळी वर जाऊ शकतात. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेफ लार्सन, पीटर मॅकग्रॉ आणि कासिओप्पो यांनी हे चित्रपटगृहाच्या दारात तपासलं. 'लाइफ इज ब्युटिफुल' या चित्रपटात नाझी छळछावणीतला बाप आपल्या मुलाला भोवतालची भीषणता कळू नये म्हणून सगळा खेळ असल्याचं भासवतो. तो पाहून बाहेर पडणाऱ्यांत आनंद आणि दुःख एकत्र वाटत असल्याचं सांगणारे लोक, आत जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. या मांडणीवर अजून वाद आहेत, पण संमिश्र भावना ही खरी, स्वतंत्र अवस्था आहे हे आता बरेच संशोधक मान्य करतात.

इथवर ठीक. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: कीव वाटत असताना दोष देण्याची घाई का होते?

याचं उत्तर देणारा प्रयोग मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना पडद्यावर एक तरुणी दाखवली. तिला शिकण्याच्या प्रयोगात चूक केली की विजेचा झटका बसतो असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात तिला काहीच होत नव्हतं, सगळं आधीच चित्रित केलेलं होतं. पण बघणाऱ्यांना ते खरं आणि त्याच क्षणी घडतंय असं वाटत होतं. काही जणींना तिची सुटका करण्याची संधी दिली. बहुतेकींनी ती लगेच घेतली, आणि तिच्याविषयी त्यांचं मतही बरं राहिलं. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं, ज्यांना तिचे हाल पुढेही चालू राहणार असं सांगितलं होतं, त्यांनी मात्र त्या निरपराध मुलीला कमी लेखायला सुरुवात केली. लर्नर यांचा निष्कर्ष असा: जग न्यायी आहे, ज्याचं त्याला मिळतं, या विश्वासावर आपण जगतो. समोरचं दुःख थांबवता आलं नाही की तो विश्वास डळमळतो, आणि तो सावरण्यासाठी मन म्हणतं, तिचंच काहीतरी चुकलं असेल.

रिअॅलिटी शोचा प्रेक्षक नेमका याच जागी बसलेला असतो. 1956 मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी दाखवून दिलं होतं की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी नातं जुळतं. भाग बघता बघता ती मुलगी ओळखीची होते. तिची काळजी वाटते, पण तिच्यासाठी करता काहीच येत नाही. कळवळा आणि हतबलता असे एकत्र आले की दोषाला वाट सापडते. शिवाय स्वतःपेक्षा वाईट परिस्थितीतला माणूस पाहून मिळणारा थोडा दिलासाही त्यात असतो. तो कबूल करायला जड जातं, पण असतो.

अशा कार्यक्रमांचा परिणाम काय होतो, यावर अर्थतज्ज्ञांमध्ये चांगलीच जुंपली. मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हिन यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या शोमुळे किशोरवयीन मुलींच्या बाळंतपणांत 4.3 टक्के घट झाली असं मांडलं. एमटीव्ही जास्त बघितली जाणारी ठिकाणं आणि कमी बघितली जाणारी ठिकाणं यांची त्यांनी तुलना केली. गर्भनिरोधकांविषयीचे इंटरनेटवरचे शोधही तपासले. डेव्हिड जेगर, टेड जॉइस आणि रॉबर्ट कॅस्टनर यांनी तीच आकडेवारी पुन्हा घेतली आणि आक्षेप नोंदवला: ही दोन प्रकारची ठिकाणं मुळातच वेगळ्या वाटेनं चालली होती, त्यामुळे फरकाचं श्रेय शोला देता येत नाही. अमेरिकेत 15 ते 19 वयाच्या दर हजार मुलींमागे बाळंतपणांचं प्रमाण 1991 मध्ये 61.8 होतं, शो सुरू झाला त्या वर्षी ते 38च्या आसपास आलं होतं, आणि 2023 मध्ये ते 13च्या आसपास होतं. उतार आधीपासूनच होता. मला आक्षेप घेणाऱ्यांची बाजू भक्कम वाटते.

उलट टोकाचा निष्कर्षही आहे. निकोल मार्टिन्स आणि रॉबिन जेन्सन यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 185 शाळकरी मुलामुलींना प्रश्न विचारले होते. हे कार्यक्रम जास्त बघणाऱ्यांचा समज असा दिसला की किशोरवयीन आयांचं आयुष्य हेवा वाटावा असं असतं, पैसा बरा मिळतो, बाळाचा बापही जबाबदारी घेतो. बघण्यामुळे तसं वाटतं की तसं वाटणारेच जास्त बघतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. पण एकच चित्र एकीला इशारा वाटतं आणि दुसरीला आमंत्रण, हे आपल्यालाही नवं नाही. 1984 साली दूरदर्शनवर 'हम लोग' लागली. निमूट सोसणारी भागवंती लेखकानं 'असं राहू नका' म्हणून उभी केली होती. कित्येक प्रेक्षकांना तीच आदर्श बाई वाटली.

आणखी एक अस्वस्थता आहे, ती मला पूर्णपणे रास्त वाटते. 2009 मध्ये पडद्यावर जन्मलेली बाळं 2025 मध्ये सोळा वर्षांची झाली. आपल्या जन्माचं, आईबापांच्या भांडणांचं चित्रीकरण जगानं बघावं की नाही, हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. भारतात असा कार्यक्रम काढणं अवघड आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा पॉक्सो कायद्यानं गुन्हा आहे, तिची संमती असो वा नसो, आणि पीडित मुलीची ओळख माध्यमांना उघड करता येत नाही.

कार्यक्रम नाही, पण किशोरवयीन आया आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 20 ते 24 वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण देशात 23.3 टक्के निघालं, महाराष्ट्रात 21.9. सोलापूर जिल्ह्यात ते 40 टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे राज्याच्या जवळपास दुप्पट. आणि इथे प्रेक्षकाची संमिश्र भावना गायब होते. अमेरिकेतली सतरा वर्षांची आई बघून तोंडाला पदर लावणारं घर शेजारच्या सतरा वर्षांच्या सुनेच्या डोहाळजेवणाला हौसेनं जातं, ओटी भरतं, फोटो काढतं. गळ्यात मंगळसूत्र असलं की वय दिसेनासं होतं. शरीराला मात्र लग्न झालंय की नाही हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार 10 ते 19 वयातल्या आयांना विशीच्या सुरुवातीच्या आयांपेक्षा गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा आणि बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. त्यांची बाळं कमी वजनाची किंवा अपुऱ्या दिवसांची जन्मण्याचं प्रमाणही जास्त असतं. त्यात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक किशोरींच्या अंगात रक्त कमी.

लर्नर यांच्या प्रयोगातल्या ज्या मुलींच्या हाती सुटकेचा उपाय होता, त्यांना दोष द्यायची गरज पडली नव्हती. सोलापूरकरांच्या हाती तो आहे. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. 1098 हा मुलांच्या मदतीसाठीचा (चाइल्डलाइनचा) क्रमांक फुकट लागतो. बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम 13 नुसार, लग्न ठरल्याची माहिती असलेली कोणतीही व्यक्ती तक्रार देऊ शकते आणि न्यायदंडाधिकारी ते लग्न थांबवण्याचा मनाई हुकूम काढू शकतात. तो मोडून कुणी अक्षता टाकल्याच, तरी कलम 14 नुसार ते लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. फक्त हे सगळं हळद लागायच्या आधी व्हावं लागतं, आणि मुलीचं खरं वय शाळेच्या दाखल्यावर लिहिलेलं असतं.