आरेचे पाडे: सातबाऱ्यावर न दिसणारी शेती

पहिला पाऊस झाला की दादर-बोरिवलीच्या बाजारात शेवळं ही रानभाजी येते. सोबत काकडाची आंबट फळं घ्यावीच लागतात, नाहीतर घसा खाजतो. सीकेपी घरांत शेवळं कोलंबीत नाहीतर खिम्यात पडतात आणि वर्षभर त्यांच्या आठवणी निघतात. शेवळं कुठल्या उतारावर येतात, कोवळी कधी खुडायची, कंद मातीतच का राहू द्यायचा, हे जाणणारी काही कुटुंबं मुंबई महापालिकेच्या हद्दीतच राहतात. कागदावर मात्र त्यांच्यातल्या अनेकांची ओळख ‘अतिक्रमणदार’ अशीच.

गोरेगावच्या आरेत २७ पाडे सांगितले जातात. वस्ती वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकऱ्यांची. भात, पाड्याला लागून वाडी, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, कर्टोली, ओढ्यातले खेकडे आणि वाटेवर शेंदूर लावलेला वाघोबा. बिबट्याच्या शेजारात राहायचं तर त्याच्याशी नातं जोडलेलं बरं, एवढा साधा हिशेब.

जमिनीचा वाद मात्र आरेच्या दुग्धवसाहतीहून जुना. या पट्ट्यात भाताचं रोप करायला आधी ‘राब’ भाजतात: झाडांचे टहाळे, पालापाचोळा, शेण वाफ्यावर पसरून उन्हाळ्यात जाळायचं. तण मरतं, राखेचं खत होतं. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत टहाळे तोडण्यावर निर्बंध आले आणि इतकी ओरड झाली, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. साहेबाला लाकूड दिसत होतं, शेतकऱ्याला त्याच झाडात पुढच्या वर्षीचा भात. माझ्या मते पुढचं सगळं भांडण याच दोन नजरांचं आहे.

स्वातंत्र्यानंतर शहरातले तबेले बाहेर काढायचे ठरले. १९४९ मध्ये सुमारे ३,१६० एकर जमीन दुग्धविकासाकडे गेली आणि १९५१ मध्ये नेहरूंच्या हस्ते वसाहतीचं उद्घाटन झालं. मुंबईला बाटलीतलं दूध मिळालं, ते चांगलंच झालं. पण पाडे होते तिथेच राहिले आणि जमिनीचा मालक बदलला. म्हशींच्या गोठ्यांना युनिट नंबर मिळाले, पाड्यांना सातबारा मिळाला नाही. १९७७ मध्ये शेजारी चित्रनगरी उभी राहिली. उत्तरेकडच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांची गत वेगळी नव्हती: १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा जुने पाडे आणि नव्या झोपड्या यांत फरक करायला फारसं कुणी थांबलं नाही.

२००६ चा वनहक्क कायदा हा फरक करतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना त्या जमिनीवर हक्क, गौण वनोपजावर (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंवर) हक्क, जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर सामूहिक हक्क. पण त्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते आणि मुंबईत वॉर्ड असतो. शिवाय तो वनजमिनीला लागू, आणि आरे वन आहे का, हाच वाद. ४ ऑक्टोबर २०१९ ला आरेला वन ठरवण्याची मागणी आणि वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या. त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडं पडू लागली. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेली होती. पुढे दोन वर्षांच्या आत आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून राष्ट्रीय उद्यानाकडे सोपवली गेली. म्हणजे झाडं तोडायची तेव्हा हे जंगल नव्हतं, नंतर झालं.

वनहक्काच्या नियमांत एक कलम मला फार आवडतं. पुरावा म्हणून तिथे फक्त सरकारी दाखलेच चालतात असं नाही: वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, शेताचे बांध, दफनभूमी, देवस्थानं हेही ग्राह्य आहेत. ज्या पाड्यांत वीजच उशिरा आली, तिथे वीजबिल जुनं कुठून असणार? वाघोबा मात्र तिथे आधीपासून आहे.