मोरांदीची प्रिंट घेताय? फ्रेम ठरवायच्या आधी एवढं वाचा

दुकानात प्रिंट चाळताना बरेच जण ह्या चित्रापाशी थांबतात आणि विचारतात, यात आहे काय, चार बाटल्या आणि दोन डबेच ना? हो, तेवढंच आहे, आणि जॉर्जो मोरांदी (१८९०-१९६४) हा इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार आयुष्यभर तेच काढत राहिला. तीन बहिणींसोबत एकाच घरात राहिला, लग्न केलं नाही, झोपायची खोली तोच स्टुडिओ, आणि १९३० ते १९५६ तिथल्याच कला अकादमीत एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापायची पद्धत) शिकवलं. १९५७ला ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, पेंटिंगचं सर्वात मोठं बक्षीस मिळालं, तरी टेबलावर बाटल्या त्याच.

आता नीट बघा. बाटलीवर कुठेच चमक नाही. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत स्थिरचित्र काढताना आपण काचेवर हायलाइट आवर्जून ठेवायचो, हा माणूस मुद्दाम ती घालवायचा, लेबलं काढून टाकायचा, बाटलीला आतून-बाहेरून मॅट रंग द्यायचा आणि वर बसलेली धूळ पुसायचा नाही. त्यामुळे राहतो तो फक्त आकार आणि उजेड. दोन बाटल्यांच्या कडा अशा चिकटतात की पुढची कुठली ते पटकन कळत नाही, मधल्या फटीलाही स्वतःचा आकार येतो. रंग म्हणाल तर राखाडी, साय, फिका गुलाबी, थोडी पिवळी माती, बास.

म्हणूनच फ्रेमच्या बाबतीत आम्ही थोडा हट्ट धरतो. साधी काच लावली की ट्यूबलाइट त्यात दिसते, ज्याने चमक घालवायला एवढा जीव काढला त्याच्याच चित्रावर ती परत आणायची हे आम्हाला पटत नाही, तेव्हा नॉन-रिफ्लेक्टिव्ह काच घ्या, महाग पडते पण इथे ती हवीच. काहीजण "जरा ब्राइट करून द्या" म्हणतात, ते आम्ही करत नाही, एकमेकांजवळच्या त्या शेड्स एकदा ताणल्या की चित्रच उरत नाही. साइजही मोठी करू नका, मूळ चित्रं बहुतेक दोन हातांत धरता येतील एवढीच आहेत. माउंट, म्हणजे प्रिंटभोवतीचा पुठ्ठा, पांढराशुभ्र नको, त्याच्या शेजारी सायीचा रंग मळका दिसतो, ऑफ-व्हाइट अॅसिड-फ्री (आम्ल नसलेला) बोर्ड घ्या आणि फ्रेमची पट्टी साध्या लाकडाची, सोनेरी नको.

लावायचं कुठे? खिडकीचा उजेड बाजूने येतो अशा भिंतीवर, जिथे तुम्ही निवांत बसता. थेट ऊन नको, वर स्पॉटलाइट नको. पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर आधी सांगा, फ्रेम मागून टेपने सील करून खाली बंपर (छोटे रबरी ठोकळे) लावून देतो म्हणजे भिंत आणि फ्रेमच्या मध्ये हवा खेळती राहते.

ही प्रिंट आहे, ओरिजिनल नाही, ओरिजिनल बघायची तर बोलोन्यात त्याच्या नावाचं म्युझियम आहे. येताना भिंतीचा दिवसा काढलेला फोटो आणा, दोन्ही काचा प्रिंटवर ठेवून दाखवतो, मग ठरवा.