ऊसतोड स्थलांतराचे नियमन

ऊसतोड स्थलांतराचे नियमन : दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडून ऊसतोडणीस जाणाऱ्या आणि कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात परतणाऱ्या मजूर कुटुंबांची भरती, मजुरी, निवारा व मुलांचे शिक्षण यांविषयीचे कायदे, करार आणि प्रशासकीय व्यवस्था. हे मजूर प्रामुख्याने बीड जिल्ह्यातून, तसेच लगतच्या अवर्षणप्रवण तालुक्यांतून आणि खानदेशातून पश्चिम महाराष्ट्र, उत्तर कर्नाटक व दक्षिण गुजरातेत जातात.

या स्थलांतराच्या प्रारंभाविषयी एकमत नाही. ते १९७२ च्या दुष्काळात सुरू झाले, असे सर्रास सांगितले जाते. परंतु नगर जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच खाजगी कारखाने उभे राहिले होते, प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गाळप हंगामही १९५० च्या सुमाराचा आहे आणि बाहेरच्या टोळ्यांवाचून इतका ऊस तुटणे कठीण होते. दक्षिण गुजरातेतील बारडोली परिसरात खानदेशी टोळ्या आणण्याची रीत डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात अभ्यासली, तेव्हा ती चांगली रुळलेली होती. दुष्काळाने स्थलांतर निर्माण केले नाही, तर आधीपासून चालत असलेल्या वाटेवर हजारो नवी कुटुंबे लोटली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भरतीचा कणा म्हणजे ‘उचल’, अर्थात मजुरीपोटी आगाऊ दिलेली रक्कम. कारखाना वाहतूक ठेकेदाराशी करार करतो, ठेकेदार मुकादमाला, म्हणजे टोळीच्या म्होरक्याला, रक्कम देतो आणि मुकादम पावसाळ्यातच, म्हणजे घरात पैसा नसतो अशा वेळी, ती मजुरांना देतो. उचल ‘कोयत्या’वर ठरते. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि एकटा मजूर अर्धा कोयता. पुढे तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी धरून उचल फेडली जाते आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगामाअखेर अंगावर राहिलेली बाकी पुढच्या हंगामात ओढली जाते आणि कुटुंब पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत बांधले जाते. नियमनाची खरी कसोटी या बाकीपाशी लागते.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत आंतरराज्य स्थलांतर हा विषय संघसूचीत (नोंद ८१) आहे, तर कामगारविषयक बाबी समवर्ती सूचीत आहेत. ओडिशातील ‘दादन’ (आगाऊ रक्कम देऊन परराज्यात नेलेल्या) मजुरांच्या पिळवणुकीची दखल घेऊन संसदेने १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम केला. पाच किंवा अधिक असे मजूर असलेल्या आस्थापनांना तो लागू होता. कंत्राटदाराला परवाना, मजुराला छायाचित्रासह पासबुक, प्रवासभाडे आणि मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी जो जास्त असेल तो विस्थापन भत्ता, अशा त्यात तरतुदी होत्या. त्यातील कलम १९ विशेष महत्त्वाचे होते. नोकरीच्या काळात कंत्राटदाराकडून किंवा मालकाकडून घेतलेले जे कर्ज काम संपताना फिटलेले नसेल, ते नष्ट झाले असे त्यान्वये मानले जाई. उचल मात्र हंगामाच्या आधी दिली जात असल्याने ती ‘नोकरीच्या काळातील’ कर्ज ठरते काय, हा प्रश्न उरतो. आधीची उचल हा भरतीचाच भाग धरून ती कलमात मोडते, असे मानणे कायद्याच्या हेतूला अधिक धरून आहे.

परंतु हे संरक्षण राज्याची सीमा ओलांडणाऱ्यालाच होते. एकाच तांड्यातील दोन भावांपैकी बेळगावकडे गेलेला या कायद्याच्या कक्षेत येई आणि कोल्हापुरास गेलेला येत नसे, जरी दोघांची उचल, पालातले जिणे आणि पहाटेच्या थंडीत ट्रॅक्टरमध्ये मोळ्या चढवण्याचे कष्ट सारखेच असत. या अधिनियमाची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. स्वतःहून परराज्यात गेलेल्या मजुराचाही तीत समावेश आहे, परंतु आस्थापनातील अशा मजुरांची किमान संख्या १० केली आहे. राज्यांतर्गत हंगामी मजुराची उणीव तिनेही भरून काढलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. त्याला वेठबिगारी निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याचा आधार घेता येतो, पण उचल ही वेठबिगारी आहे हे प्रत्येक प्रकरणात सिद्ध करावे लागते.

महाराष्ट्रात तोडणीचा दर साखर संघ (सहकारी साखर कारखान्यांचा राज्य संघ) आणि मजूर संघटना यांच्यातील कराराने ठरतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घेण्याचा निर्णय झाला असून, मजुरांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. त्यापूर्वी, १९९० च्या दशकापासून, कारखाना परिसरात या मुलांसाठी हंगामी ‘साखरशाळा’ चालवल्या गेल्या. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली.

ग्रामसेवकामार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्र देण्याची व्यवस्थाही झाली आहे. ते प्रत्येकाला स्वतंत्रपणे मिळणे आवश्यक आहे, कारण कोयता हेच एकक धरल्यास मोळी बांधून डोक्यावर वाहणारी बाई हिशेबाच्या वहीत नवऱ्याच्या नावाखाली जाते आणि तिच्या श्रमाची वेगळी नोंद राहत नाही.