पुळणीवर नव्हे, सड्यावर

नोव्हेंबर उजाडला की अमूर ससाण्याची बातमी हमखास येते. ईशान्य भारतात उपग्रह टॅग लावलेला, जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी महाराष्ट्र ओलांडतो, अरबी समुद्रावर शिरतो आणि कुठेही न टेकता आफ्रिकेचा किनारा गाठतो. बातमी खरी आहे. 2013 मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ पहिले टॅग लावले तेव्हापासून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण ती वाचून हौशी पक्षीनिरीक्षक दुर्बीण घेऊन पुळणीवर जाऊन बसतात आणि दुपारपर्यंत कुरव आणि ब्राह्मणी घारी मोजून परततात. शिकारी पक्ष्यांचं स्थलांतर बघायचं तर समुद्राकडे पाठ करून कातळसड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या पठारावर, चढायला हवं. याचं कारण हवेत आहे.

अमूर ससाणा हा अपवाद आहे. निमुळते लांब पंख, हलकं अंग आणि पाठीशी ईशान्येचा वारा, एवढ्यावर त्याचं निभतं. मासे धरणारा ऑस्प्रे, बहिरी ससाणा आणि भोवत्या (हॅरियर) हे पक्षीही पंख मारत पाणी ओलांडू शकतात. गरुड आणि घारी मात्र जड अंगाच्या आणि रुंद पंखांच्या. शेकडो किलोमीटर पंख मारत जाणं त्यांना परवडत नाही. त्या चढतात थर्मलवर, म्हणजे तापलेल्या हवेच्या वर जाणाऱ्या झोतावर, आणि मग पंख पसरून पुढे घसरत जातात.

थर्मल कुठे तयार होतो? ऑक्टोबरात भाताच्या खाचरांत अजून ओल असते. तिथे पडणाऱ्या उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. शेजारच्या जांभ्याच्या सड्यावर तेव्हा गवत पिवळं पडलेलं असतं आणि कातळ कोरडा ठणठणीत असतो. उष्णता दगडात खोलवर जात नाही, वरच्या थरातच साठते. दहा वाजता तळवा टेकवून बघा, क्षणभरात उचलावा लागतो. त्या कातळाला टेकलेली हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा एक-दोन अंशांनी गरम झाली, की फुगून हलकी होते आणि सुटून वर निघते. समुद्राचं तसं नाही. पाण्याचा विशिष्ट उष्मा जास्त, म्हणजे ते तापायला उष्णता जास्त लागते, आणि लाटांमुळे ते सतत ढवळलं जातं. त्यामुळे दिवसभरात पृष्ठभागाचं तापमान फारसं हलत नाही आणि दुपारीही तिथे पक्ष्याला उचलेल असा झोत मिळत नाही.

आता थोडं गणित. पक्षी सेकंदाला 2 मीटर चढत असेल तर 600 मीटर उंची 5 मिनिटांत मिळते. मोठा गरुड 1 मीटर खाली येताना साधारण 12 मीटर पुढे जातो, म्हणजे तेवढ्या उंचीत 7 किलोमीटर पदरात पडले. वाटेत एक किलोमीटर रुंदीची खाडी आली तर ती ओलांडताना 80-85 मीटर उंची जाते. मध्येच हवा खाली बसत असेल तर दुप्पट. म्हणून दक्षिणेकडे निघालेला पक्षी वाशिष्ठी, शास्त्री किंवा वाघोटनच्या खाडीआधी उत्तरेच्या सड्यावर घिरट्या घालत उंची भरून घेतो. बसायची जागा हीच.

उंचीला वरून मर्यादा असते ती ढगांच्या तळाची. वर जाणारी हवा किलोमीटरमागे जवळपास 10 अंशांनी थंड होते आणि तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचे थेंब होऊ लागतात तो, सुमारे 2 अंशांनी उतरतो. म्हणजे दोहोंतलं अंतर किलोमीटरमागे 8 अंशांनी मिटतं. जमिनीजवळ तापमान 32 आणि दवबिंदू 24 असेल तर बरोबर एक किलोमीटरवर ढग धरतो. मोबाइलवरच्या हवामानाच्या नोंदीत दोन्ही आकडे मिळतात. फरकाला 125 ने गुणा, ढगाच्या तळाची उंची मीटरमध्ये हातात येते. सपाट तळाचा कापसासारखा ढग दिसला की त्याच्या तळाखालची जागा दुर्बिणीने सावकाश चाळायची. पांढऱ्या ढगावर काळा ठिपका लगेच कळतो, निळ्या आभाळात तोच हरवतो.

शाळेत शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे दिवसाचं वेळापत्रक ठरवतात. पहाटेपासून नऊपर्यंत मतलई वारा जमिनीकडून वाहतो आणि थर्मल नसतात. या वेळी ससाणे आणि भोवत्या सड्यावरून खालून, पंख मारत जातात. साडेनऊ ते साडेअकरा हा गरुडांचा वेळ. मग खारा वारा आत शिरतो. ती थंड, जड हवा पाचरीसारखी गरम हवेखाली घुसते आणि किनाऱ्यावरचे थर्मल मोडते. पण पाचरीच्या टोकाशी गरम हवा उचलली जाते आणि किनाऱ्याला समांतर अशी चढत्या हवेची एक लांबच लांब पट्टी तयार होते. पक्ष्यांना घिरट्या न घालता सरळ दक्षिणेला नेणारा तो रस्ताच. ही पट्टी दुपारभर सह्याद्रीकडे सरकत राहते आणि पक्षी तिच्यासोबत आत जातात. बारानंतर सड्यावर सामसूम झाली तर पक्षी संपले असं समजू नये, ते पूर्वेला गेले आहेत. नजर तिकडच्या ढगांच्या ओळीवर ठेवावी.

दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरे. 10×50 हात भरून आल्यावर थरथरते. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, टोपी आणि माणशी 3 लिटर पाणी न्यावं, सड्यावर सावली नाही. मोजताना मोठी चूक होते ती स्थानिक पक्षी धरण्याची. घार, ब्राह्मणी घार आणि समुद्र गरुड इथलेच. पूर्व-पश्चिम एक काल्पनिक रेघ ठरवावी, दोन झाडं किंवा एक मोबाइल टॉवर खूण म्हणून घ्यावा, आणि रेघ ओलांडून दक्षिणेला गेलेलाच पक्षी मोजावा. दर तासाला वारा आणि ढग नोंदवावेत. ओळख आधी आकारावरून: भोवत्याचे पंख व्ही आकारात वर, ऑस्प्रेचे मनगटाशी मोडलेले, घारीची शेपटी खाचेची, ब्राह्मणी घारीची गोल. जॉर्जियातल्या बाटुमीला डोंगर आणि काळा समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीतून एका हंगामात दहा लाखांवर शिकारी पक्षी जातात. कोकणात तशी चिंचोळी पट्टी नाही. इथे दिवसाला दोन आकडी संख्या झाली तरी दिवस उत्तम.

पक्षी जवळून गेला तर पंखांची मागची कड बघा. एखादं पीस गळून खाच पडलेली दिसते, शेजारी अर्धं वाढलेलं नवं पीस असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ती गोष्ट, चाळिसाव्या वर्षी गरुड डोंगरावर जाऊन चोच फोडतो, पिसं उपटतो आणि पुन्हा तरुण होतो, ही निखालस खोटी आहे. चोच फुटलेला गरुड उपाशी मरेल. चोच आपल्या नखांसारखी सतत वाढते आणि झिजते, पिसं टप्प्याटप्प्याने बदलतात, कारण उडणं एक दिवसही थांबवून चालत नाही. मुलांना प्रेरणा म्हणून ही गोष्ट सांगणाऱ्यांनी त्यांना सड्यावर नेऊन ती खाच दाखवावी. घार डोक्यावर घिरट्या घालते म्हणजे अपशकुन, हेही तसंच. ती घिरट्या घालते कारण तुमच्या पायाखालचा कातळ तापला आहे.

तीननंतर कड्याच्या समुद्राकडच्या काठावर यावं. खारा वारा कड्यावर आपटून वर वळतो आणि त्या धारेवर पक्षी डोळ्यांच्या पातळीवरून, पंख न हलवता सरकतात. सूर्य टेकला की ही उचलही कमी होत जाते. भोवत्या झाडावर नव्हे, मोकळ्या गवतात जमिनीवर झोपतात, तेव्हा परतताना गवत तुडवत न जाता पायवाट धरावी.