हस्तसामुद्रिकातील आरोग्यविचार

तळहातावरच्या रेषा, उंचवटे, बोटे आणि नखे पाहून माणसाची प्रकृती, संभाव्य आजारपणे आणि आयुर्मान सांगण्याची पद्धत. शरीरावरच्या लक्षणांवरून भविष्य सांगणाऱ्या सामुद्रिकशास्त्राची ही शाखा. पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा हात पाहावा, असा जुना संकेत आहे. आधुनिक पद्धतीचे लोक दोन्ही हात पाहतात. डाव्यात जन्मतः मिळालेले दिसते आणि उजव्यात माणसाने स्वतः घडवलेले, असे ते सांगतात. या दुहेरी वाचनाची सोय मोठी आहे: एका हाताने फसवले तर दुसरा हात मदतीला येतो.

नावावरून पाहता आरोग्यासाठी खास राखलेली रेषा एकच, आरोग्यरेषा. मनगटाच्या वरून निघून ती करंगळीखालच्या बुधाच्या उंचवट्याकडे जाते, म्हणून तिला बुधरेषाही म्हणतात. युरोपातल्या जुन्या ग्रंथांत तिचे लॅटिन नाव यकृतावरून पडले आहे, आणि पचन, पित्त, काविळीच्या तक्रारी तिच्यावरूनच सांगतात. गंमत अशी, की ही रेषा हातावर नसणे हेच उत्तम प्रकृतीचे लक्षण मानले जाते. ज्याच्या हातावर आरोग्यरेषा आहे त्याने आरोग्याची काळजी करावी, आणि ती आयुष्यरेषेला जाऊन भिडली असेल तर अधिकच.

बाकीचे निदान रेषांवरच्या चिन्हांवरून होते. रेषा मध्येच दुभंगून पुन्हा जुळली की त्या पोकळीला ‘बेट’ म्हणतात. ते अशक्तपणाचा काळ दाखवते. मस्तकरेषेवरचे बेट म्हणजे डोकेदुखी किंवा मानसिक ताण. आरोग्यरेषेवर बेटे आणि जोडीला लांबट नखे असली, की छातीचे विकार. साखळीसारखी हृदयरेषा दिसली तर हृदय नाजूक. आयुष्यरेषा तुटली तर मोठे दुखणे. पण तुटलेल्या जागेभोवती चौकोन असेल, किंवा आतल्या बाजूने मंगळरेषा समांतर जात असेल, तर त्यातून सुटका. वयाचा अंदाज आयुष्यरेषेचे सात-सात वर्षांचे टप्पे पाडून करतात. ज्याने हे टप्पे पाडायचा प्रयत्न केला आहे त्याला ठाऊक असते, की पेन्सिलीचे टोक जरा सरकले तर माणसाचे दुखणे दोन-चार वर्षे पुढेमागे होते.

या शास्त्राची खरी पंचाईत मात्र आयुष्यरेषेपाशीच आहे. आज मराठीत मिळणाऱ्या बहुतेक पुस्तकांत अंगठ्याच्या मुळाला वळसा घालणारी रेषा ही आयुष्यरेषा असते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त मात्र आयुष्य सांगणारी रेषा करंगळीच्या मुळाशी सुरू होते आणि तर्जनी व मधले बोट यांच्या मधल्या जागेकडे जाते. तिथपर्यंत पोहोचली तर पूर्ण आयुष्य, जितकी आखूड तितके कमी. म्हणजे वराहमिहिराची आयुरेषा तीच, जिला आजचे हस्तरेषातज्ज्ञ हृदयरेषा म्हणतात आणि जिच्यावरून प्रेमप्रकरणे सांगतात. अंगठ्याभोवतीच्या रेषेला जुन्या भारतीय परंपरेत पितृरेषा असे नाव आढळते. एकाच हातावर एका परंपरेने माणूस दीर्घायुषी आणि दुसरीने अल्पायुषी ठरू शकतो. या तिढ्याचा उल्लेख बाजारातल्या पुस्तकांत क्वचितच सापडतो.

रेषांची ही अदलाबदल झाली ती पाश्चात्त्य पुस्तकांच्या प्रभावामुळे, आणि त्यांत सर्वांत गाजलेले नाव कीरो या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम जॉन वॉर्नरचे (१८६६–१९३६). हा आयर्लंडचा. तरुणपणी मुंबईला अपोलो बंदरावर उतरलो, तिथे एक चित्पावन ब्राह्मण गुरू भेटले आणि त्यांच्या कोकणातल्या गावी राहून आपण ही विद्या शिकलो, असे तो सांगत असे. ते खरे धरले, तर कोकणात शिकलेली विद्या इंग्रजीतून फिरून मराठीत परत येताना आपली आयुरेषाच बदलून आली, असे म्हणावे लागते. आत्मकथनाचा हा भाग त्याच्याच शब्दावर मानावा लागतो.

महाराष्ट्रात गावोगाव हिंडणारे कुडमुडे जोशी, देवळाबाहेर भिंग घेऊन बसणारे आणि शहरात फी घेऊन कार्यालयात भेटणारे, असे हात पाहणाऱ्यांचे नाना प्रकार आहेत. ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण याच व्यवसायातून आली. भाकीत वाईट निघाले, की पुढे उपाय येतो: बुध बिघडला तर पाचू, मंगळ बिघडला तर पोवळे. हात पाहणारा एकदम रोगाचे नाव सहसा घेत नाही. ‘पोटाची तक्रार असते का अधूनमधून?’ असे विचारतो, आणि अधूनमधून पोटाची तक्रार नसलेला माणूस विरळाच. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ या कायद्याने ताईत, मंत्र, कवच यांनी ठरावीक रोग बरे होतात अशा जाहिरातींना मनाई केली आहे.

आयुर्वेदाशी या विद्येचे नाते वाटते तितके जवळचे नाही. ‘योगरत्नाकरा’तल्या अष्टस्थान परीक्षेत नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृती आहेत, हस्तरेषा नाहीत. सुश्रुतसंहितेत वैद्याने रोग्याचे आयुष्य आधी तपासावे असे सांगून दीर्घायुषी माणसाची लक्षणे दिली आहेत. त्यांत मोठे हातपाय आणि लांब बोटांची पेरी येतात, पण ती सगळ्या बांध्याचा भाग म्हणून. वैद्य मनगट हातात घेतो ते नाडीसाठी.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने तळहातावरच्या ठळक रेषा म्हणजे घड्या. मूठ अर्धवट मिटून पाहिली तर ते लगेच ध्यानात येते: बोटे वळली की दोन आडव्या घड्या दाबल्या जातात, अंगठा आत आला की ‘आयुष्यरेषा’ दुमडते. गर्भ साधारण सात ते चौदा आठवड्यांचा असताना या घड्या तयार होतात. त्यामुळे गर्भाच्या वाढीत काही वेगळे घडले, तर त्याची खूण त्यांत राहू शकते. दोन आडव्या घड्यांऐवजी एकच घडी आरपार जाणे, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या मुलांच्या हातावर ती आढळते. पण पूर्ण निरोगी माणसांतही शंभरातल्या काहींना ती असतेच, म्हणून बालरोगतज्ज्ञ तिच्याकडे अनेक खुणांपैकी एक म्हणून पाहतात आणि निदान गुणसूत्रांच्या तपासणीवर सोडतात. कातडीवरच्या बारीक वळ्यांच्या अभ्यासाला हॅरल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये डर्मॅटोग्लिफिक्स हे नाव दिले. हा अभ्यास भविष्यकथनापासून पूर्ण वेगळा आहे.

आयुष्यरेषेची लांबी मोजूनही झाली आहे. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी शंभर मृतांच्या हातांवर ती मोजली आणि १९९० मध्ये निष्कर्ष छापले: उजव्या हातावरच्या रेषेची लांबी आणि मृत्यूसमयीचे वय यांत संबंध दिसला. हात पाहणाऱ्यांना हा पुरावा वाटेल. पण वय वाढेल तशी कातडी सैल पडते, सुरकुतते आणि घडी लांबत जाते. रेषा लांब होती म्हणून माणूस जगला, की जगला म्हणून रेषा लांबली, हे मृताच्या हातावरून कळत नाही. त्यासाठी तरुणपणी रेषा मोजून ठेवून माणसे म्हातारी होईपर्यंत थांबावे लागेल.

हातावरून आजार ओळखता येतात हे मात्र खरे, आणि डॉक्टर रोज ते करतात. बोटांची टोके ढोलकाच्या काठीसारखी फुगली तर फुप्फुस किंवा हृदयाच्या जुनाट विकाराची शंका येते. नख चमच्यासारखे खोलगट झाले तर लोहाची कमतरता. तळहात सतत लालसर राहिला तर यकृताकडे पाहावे. घड्या काळपट पडल्या तर अॅड्रिनल ग्रंथींचा अॅडिसनचा रोग, ज्याचे एक मोठे कारण एके काळी क्षय होते. या यादीत रेषेची लांबी, बेट, फुली यांना स्थान नाही. रंग, सूज आणि आकार यांना आहे.

आजारी बाळाला रक्तक्षय आहे का, हे पाहायची आरोग्यसेविकांना शिकवलेली रीत तळहाताचीच आहे. बाळाचा हात बाजूने अलगद धरून उघडायचा. बोटे मागे ताणायची नाहीत, नाहीतर रक्त अडून निरोगी तळवाही पांढरा दिसतो. मग आपला तळहात शेजारी धरून रंग ताडून पाहायचा. थोडा फिका असेल तर लोहाचे औषध, आणि इतका फिका की पांढराच दिसतो, तर बाळाला तातडीने दवाखान्यात पाठवायचे.