इंडोलचे वलय कार्बन मिटवतो की नायट्रोजन: मोरी–बान आणि लारॉक

एम.एस्सी.च्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना एक चूक वारंवार समोर येते. सुरुवातीला ऑर्थो-आयोडोॲनिलीनचा (बेंझिन वलयावर शेजारी-शेजारी आयोडीन आणि नायट्रोजन असलेला) सांगाडा असतो, बाणावर पॅलेडियम ॲसिटेट आणि एखादा बेस लिहिलेला असतो, बाणापुढे इंडोल, म्हणजे बेंझिन वलयाला चिकटलेले नायट्रोजनयुक्त पाच अणूंचे वलय, असते, आणि खाली नाव मात्र लारॉकच्या जागी मोरी–बान किंवा मोरी–बानच्या जागी लारॉक असे पडते. ही चूक निव्वळ निष्काळजीपणाची नाही, कारण दोन्ही अभिक्रियांचा आरंभ, उत्प्रेरक आणि शेवट इतके सारखे आहेत की घाईत वाचणाऱ्याला त्या एकाच पद्धतीची दोन नावे वाटतात. प्रत्यक्षात मोरी–बान पद्धतीत इंडोलचे वलय कार्बन–कार्बन बंधाने मिटते, तर लारॉक पद्धतीत कार्बन–नायट्रोजन बंधाने. हा एक फरक पक्का समजला की बाकीचे बहुतेक सारे त्यातूनच उलगडते.

आधी दोघींचा सामायिक भाग पाहू. शून्य ऑक्सिडेशन अवस्थेतील पॅलेडियम कार्बन आणि आयोडीन यांच्यामधल्या बंधात शिरते; याला ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन म्हणतात. आता बेंझिन वलयाच्या कार्बनवर पॅलेडियम बसलेले असते. मग ही जोडी एखाद्या दुहेरी किंवा तिहेरी बंधावर चढते: एका टोकाला बेंझिन वलयाचा कार्बन जोडला जातो आणि दुसऱ्या टोकाला पॅलेडियम. या पायरीचे नाव कार्बोपॅलेडेशन. वाटा फुटतात त्या यानंतर, आणि कोणती वाट मिळणार हे तो बंध दुहेरी होता की तिहेरी यावरच बहुतांशी ठरते.

मोरी–बान पद्धत १९७७ सालची, जपानमधील होक्काइदो विद्यापीठातील मिवाको मोरी आणि योशिओ बान यांच्या गटाची. येथे नायट्रोजनचे काम आधीच उरकलेले असते, कारण त्याच्यावर ॲलिल गट, म्हणजे टोकाला दुहेरी बंध असलेली तीन कार्बनची साखळी, अगोदर बसवून घेतात. दुहेरी बंध त्याच रेणूत असल्याने पॅलेडियमला फक्त तो जवळ ओढायचा असतो. बेंझिन वलयाचा कार्बन ॲलिल गटाच्या मधल्या कार्बनला जोडला जातो, पाच अणूंचे वलय तयार होते आणि पॅलेडियम वलयाबाहेरच्या कार्बनवर राहते. शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन असतो. तो घेऊन पॅलेडियम निघून जाते, म्हणजेच बीटा-हायड्राइड एलिमिनेशन होते. मागे राहिलेला दुहेरी बंध वलयाच्या आत सरकतो आणि इंडोल मिळते. मिझोरोकी यांनी १९७१ साली आणि हेक यांनी १९७२ साली जी अभिक्रिया दाखवली, तीच येथे एका रेणूच्या पोटात घडते. म्हणून मोरी–बान पद्धतीला रेणूअंतर्गत हेक अभिक्रिया म्हणणे अगदी योग्य आहे. लारॉकला मात्र तसे म्हणता येत नाही.

लारॉक पद्धत १९९१ साली अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठातून रिचर्ड लारॉक यांनी प्रसिद्ध केली. तिच्यात ऑर्थो-आयोडोॲनिलीन आणि दोन्ही टोकांना गट असलेले अल्काइन (तिहेरी बंधाचे संयुग) हे दोन वेगळे रेणू असतात. त्यांच्यासोबत डीएमएफ हा द्रावक, कार्बोनेट किंवा ॲसिटेटसारखा बेस आणि लिथियम क्लोराइडसारखे क्लोराइड घेऊन मिश्रण साधारण १०० अंश सेल्सिअसला तापवतात. कार्बोपॅलेडेशन येथेही होते, पण तिहेरी बंधाचा दुहेरी बंध झाल्यावर त्याच्या शेजारच्या कार्बनवर एका बाजूला बेंझिन वलय आणि दुसऱ्या बाजूला अल्काइनचा गट असतो. तिथे हायड्रोजन नसतोच, त्यामुळे मोरी–बानमध्ये पॅलेडियमने पळ काढला तो दरवाजा इथे बंद असतो. अडकलेल्या पॅलेडियमला मग नायट्रोजन येऊन पकडतो, पॅलेडियमसह सहा अणूंचे वलय बनते, आणि रिडक्टिव्ह एलिमिनेशनने कार्बन–नायट्रोजन बंध जुळून पॅलेडियम शून्य अवस्थेत परत येते.

औषधांच्या दृष्टीने लारॉकचा खरा कस लागतो तो अल्काइनचे कोणते टोक कुठे बसणार या प्रश्नावर. सर्वसाधारण नियम असा की मोठा, जागा अडवणारा गट नायट्रोजनशेजारी, म्हणजे इंडोलच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर येतो. प्रथमदर्शनी हे उलटे वाटते. पण नवा कार्बन–कार्बन बंध आखूड असतो आणि कार्बन–पॅलेडियम बंध लांब, त्यामुळे गर्दीचे टोक पॅलेडियमच्या वाट्याला जाते आणि बेंझिन वलय मोकळ्या टोकाला जोडले जाते. पॅलेडियम जिथे होते तिथेच पुढे नायट्रोजन येतो. हा नियम हाताशी असला की अल्काइनच्या एका टोकाला मुद्दाम सिलिल (सिलिकॉनयुक्त) गट लावता येतो: तो दुसऱ्या क्रमांकावर बसतो आणि काम झाल्यावर काढून टाकता येतो.

मायग्रेनवरील रिझाट्रिप्टान या औषधासाठी मर्कच्या रसायनतज्ज्ञांनी १९९४ साली नेमके हेच केले. रिझाट्रिप्टानमध्ये इंडोलच्या तिसऱ्या क्रमांकावर नायट्रोजनयुक्त साखळी हवी आणि दुसरा क्रमांक मोकळा हवा. त्यांनी ट्रायझोल गट असलेले आयोडोॲनिलीन आणि ब्युटिनॉलपासून केलेले, कार्बनवर व ऑक्सिजनवर ट्रायइथिलसिलिल गट असलेले अल्काइन एकत्र आणले. वलय बनले, सिलिल गट गेले आणि उरलेल्या अल्कोहोलच्या जागी डायमिथिलअमीन आणता आले. इंडोल बनवण्याच्या, १८८३ साली आलेल्या फिशर पद्धतीत आम्लात तापवणे आलेच, आणि नाजूक गटांना ते अनेकदा सोसत नाही. वरील मार्गाचे महत्त्व त्यामुळेच मोठे आहे.

नावांच्या गोंधळाला इतिहासाचाही हातभार आहे. लारॉक यांनीच १९८७ साली ॲलिल गट असलेल्या हॅलोॲनिलीनचे पॅलेडियमने वलयीकरण सुधारित परिस्थितीत करून दाखवले होते. म्हणजे लारॉक यांचे नाव असलेला शोधनिबंध हातात आहे एवढ्यावरून अभिक्रिया लारॉक पद्धतीची ठरत नाही. नायट्रोजनवर ॲलिल गट आहे की बाहेरून अल्काइन आले आहे, हेच पाहायला हवे.

मोरी–बानची एक ताकद लारॉकपाशी नाही, आणि मला ती फार मोलाची वाटते. ॲलिल गटाच्या मधल्या कार्बनवर हायड्रोजनऐवजी दुसरा कार्बन गट ठेवला, तर वलय मिटताना चारही बाजूंनी कार्बन जोडलेला कार्बन तयार होतो. असा कार्बन इतर मार्गांनी बांधणे कठीण जाते. १९८९ साली ओव्हरमन आणि शिबासाकी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे योग्य लिगंड (पॅलेडियमला धरून ठेवणारा रेणू) वापरून रेणूअंतर्गत हेक अभिक्रिया एका हस्तरूपाकडे, म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन आरशातील रूपांपैकी एकाकडे, झुकवता येते हे दाखवले, आणि फायसोस्टिग्मिन या वनस्पतिजन्य अल्कलॉइडसारख्या रेणूंकडे जाणारी वाट त्यातून मोकळी झाली. लारॉकचे इंडोल सपाट असते; हस्तरूप असणारा कार्बन त्या वलयात निर्माणच होत नाही.

प्रयोगशाळेत दोन्ही फ्लास्क बाहेरून ओळखू येत नाहीत: पॅलेडियम ॲसिटेटचे लालसर तपकिरी कण विरघळतात, द्रावण गडद होते आणि कधी काचेवर पॅलेडियमचा काळा थर धरतो. पदार्थ मात्र वेगळे असतात. साध्या ॲलिल गटापासून मोरी–बानने मिळते ते ३-मिथिलइंडोल, म्हणजे स्कॅटोल, आणि त्याचा विष्ठेसारखा वास झाकण उघडताच कळतो. पातळ थर प्लेटवर एर्लिख अभिकारक (इंडोल ओळखण्यासाठीचे रंग देणारे द्रावण) फवारला की त्याचा ठिपका रंग धरतो, कारण दुसऱ्या क्रमांकाचा कार्बन मोकळा असतो. लारॉकच्या इंडोलमध्ये दुसरा आणि तिसरा असे दोन्ही क्रमांक भरलेले असल्याने तो रंग तसा सहज उमटत नाही. सिलिल गट काढून दुसरा क्रमांक मोकळा केल्यावर मात्र तिथेही ठिपका रंगतो.